अठरा-आठच्या पट्टीवरची काळी मखमल

रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या ज्या गाळ्यात मी गेली चार वर्षे काम करते, तेथे एका कोपऱ्यात तीन फूट लांबीची एक ट्यूब फर्नेस, म्हणजे नळीच्या आकाराची भट्टी, आहे. तिच्या क्वार्ट्झच्या ट्यूबमधून मागच्या शनिवारी संध्याकाळी स्टेनलेस स्टीलची एक पट्टी बाहेर काढली, तेव्हा ती इतकी एकसारखी काळी झाली होती की तिच्या कडा कोठे संपतात आणि खालची सिरॅमिकची होडी कोठे सुरू होते हे डोळ्यांना चटकन कळत नव्हते. काजळीचा काळा रंग वेगळा असतो. त्याला करडी छटा असते आणि बोट लावले की तो बोटावर येतो. ही काळी मखमल होती. तिच्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो गोळा होऊन घरंगळत गेला.

ती मखमल म्हणजे कार्बनच्या नॅनोट्यूब, म्हणजे अतिसूक्ष्म नळ्या, धातूच्या पृष्ठभागावर काटकोनात उभ्या राहून एकमेकींना खेटून वाढलेल्या. ग्रॅफाइटचा एक अणू जाडीचा पापुद्रा गुंडाळून केलेली सुरळी अशी कल्पना केली की नॅनोट्यूबचे चित्र बऱ्यापैकी डोळ्यांसमोर येते. आमच्या नळ्यांना एकात एक अशा अनेक भिंती असतात आणि त्यांचा व्यास १० ते ३० नॅनोमीटरच्या दरम्यान असतो (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). जपानमधील एनईसी कंपनीच्या प्रयोगशाळेत सुमिओ इजिमा यांनी १९९१ मध्ये या नळ्यांची रचना स्पष्ट दाखवली आणि तेव्हापासून जगाचे लक्ष तिकडे वळले. मात्र अशा पोकळ तंतूंची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातील चित्रे रादुश्केविच आणि लुक्यानोविच या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९५२ मध्येच प्रसिद्ध केली होती.

नळ्या उगवतात कशा, हे सांगायला सोपे आहे. लोखंड, निकेल किंवा कोबाल्ट यांचे काही नॅनोमीटर आकाराचे कण, म्हणजेच उत्प्रेरक, एखाद्या पृष्ठभागावर बसवायचे, ते सातशे-आठशे अंश सेल्सिअसला तापवायचे आणि त्यांच्यावरून अ‍ॅसिटिलीन किंवा इथिलीनसारखा कार्बनयुक्त वायू सोडायचा. कणाच्या पृष्ठभागावर वायूचा रेणू फुटतो, कार्बन कणाच्या आत आणि अंगावर मुरतो, आणि कण त्याने तृप्त झाला की तोच कार्बन नळीच्या रूपाने बाहेर पडू लागतो. कण जेवढा, साधारण तेवढ्याच व्यासाची नळी. कण खालीच चिकटून राहिला तर नळी त्याच्या डोक्यावर वाढते, आणि त्याची पकड सैल असेल तर नळी त्याला उचलून स्वतःच्या टोकावर घेऊन जाते. या दुसऱ्या प्रकाराचा माग बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये निकेल आणि अ‍ॅसिटिलीन घेऊन लावला होता.

नळ्या सरळ उभ्या का राहतात, असा प्रश्न गाळ्यात येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो आणि त्याला वाटते की आम्ही काहीतरी विद्युतक्षेत्र वगैरे लावत असणार. तसेही करता येते, पण आमच्या भट्टीत तसले काही नाही. मुरबाड-शहापूरकडे राब भाजलेल्या वाफ्यात दाट पेरलेली भाताची रोपे ज्या कारणाने ताठ उभी दिसतात, त्याच कारणाने नळ्याही उभ्या राहतात: बाजूला कलायला जागाच नसते. तीच रोपे उपटून दूरदूर लावली की पहिले काही दिवस वाटेल तशी झुकतात. नळ्यांचेही पहिले काही क्षण असेच गोंधळाचे असतात. त्या वेड्यावाकड्या निघतात, एकमेकींत अडकतात, आणि मग वरचा तो गुंता छतासारखा डोक्यावर घेऊन खालून सगळ्या एका दिशेने वाढू लागतात. इंग्रजीत या वाढीला जंगल म्हणण्याची पद्धत आहे. मला ती तितकीशी पटत नाही, कारण जंगलात शंभर जातींची झाडे असतात आणि येथे एकाच जातीचे, एकाच दिवशी पेरलेले पीक असते. म्हणून मी वाफाच म्हणते. मुद्दा असा की सरळपणा हा दाटीचा परिणाम आहे, आणि दाटी हवी असेल तर उत्प्रेरकाचे कण लहान, सारख्या आकाराचे आणि जवळजवळ बसलेले असावे लागतात. सगळी अडचण येथून सुरू होते.

सिलिकॉनच्या चकतीवर हे काम आता जवळजवळ पाककृतीसारखे झाले आहे. चकतीवर दहा ते तीस नॅनोमीटर जाडीचा अ‍ॅल्युमिनाचा (अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडचा) थर द्यायचा, त्यावर एक-दोन नॅनोमीटर लोखंड चढवायचे आणि हायड्रोजनमध्ये तापवायचे. लोखंडाचा तो सलग पापुद्रा उष्णतेने फाटतो आणि त्याचे मणी होतात. अळवावरचे पाणी आपण सर्वांनी पाहिलेले आहे. पान पाण्याला धरून ठेवत नाही म्हणून पाणी थेंबांत गोळा होते. अ‍ॅल्युमिनाही लोखंडाला तसेच वागवते. जपानच्या एआयएसटी संस्थेत केंजी हाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये याच मार्गाने दहा मिनिटांत अडीच मिलिमीटर उंचीचा वाफा उगवून दाखवला होता, आणि त्यात त्यांनी वापरलेली युक्ती होती अत्यल्प पाण्याची वाफ. त्या वाफेकडे मी पुढे येणारच आहे, कारण ठाण्याच्या पावसाळ्याने आम्हाला तो धडा वेगळ्या वाटेने दिला.

मग धातूचा हट्ट कशासाठी? कारण अ‍ॅल्युमिना वीज वाहू देत नाही. नळ्यांचा उपयोग सुपरकपॅसिटरच्या (वीज झटकन साठवून झटकन देणाऱ्या उपकरणाच्या) इलेक्ट्रोडसाठी, बॅटरीसाठी किंवा चिपची उष्णता वाहून नेण्यासाठी करायचा तर त्यांच्या मुळाशी वीज आणि उष्णता विनासायास जाऊ शकेल असा धातू हवा. सिलिकॉनवर उगवून नळ्या खरवडायच्या आणि गोंद घालून धातूवर चिकटवायच्या, असा मार्ग आहे; पण त्यात त्यांचा उभेपणा जातो, आणि गोंद मध्ये आला की विजेच्या वाटेत एक नवा अडथळा उभा राहतो. उगवायचेच तर धातूवरच उगवावे, हे तर्काने सरळ दिसते.

पण धातू काही स्वस्थ बसून राहत नाही. सिलिकॉनच्या चकतीवरचे अ‍ॅल्युमिना आठशे अंशांना बहुतेक गप्प असते. धातू मात्र त्या तापमानाला या व्यवहारात आपला हात घालतो. उत्प्रेरकाचे लोखंड त्याच्या अंगात जिरते. वरून येणारा कार्बन कणाऐवजी तोच पिऊन टाकतो. त्याची पृष्ठऊर्जा जास्त असल्यामुळे उत्प्रेरक त्याच्यावर मणी न होता पसरतो, म्हणजे अळवाच्या पानाऐवजी घासलेल्या ताटावर पाणी ओतल्यासारखे होते. उलट, त्याच्या स्वतःच्या पोटातले लोखंड किंवा निकेल वर येऊन न बोलावता उत्प्रेरकाचे काम करू लागते. चार वर्षांत माझे एकच मत पक्के झाले आहे, आणि ते असे की धातूवर नळ्या उगवण्याचे शास्त्र म्हणजे मुख्यतः त्या धातूच्या कातडीचे, वरच्या काही नॅनोमीटरांचे, शास्त्र आहे. ती कातडी जमली की नळ्या आपोआप येतात, आणि ती बिघडली की वायू, तापमान, वेळ यांत कितीही फेरफार केले तरी हाती काजळीच लागते.

याचा एक पुरावा आमच्या पट्ट्यातच फार पूर्वीपासून होता. ठाणे-बेलापूर रस्त्यावर १९६८ मध्ये नोसिल या रसायन कंपनीचा नॅफ्था क्रॅकर, म्हणजे खनिज तेलातल्या नॅफ्थाचे रेणू उष्णतेने फोडणारा कारखाना, सुरू झाला. क्रॅकरच्या भट्टीत निकेल-क्रोमियम मिश्रधातूच्या नळकांड्यांमधून नॅफ्था आणि वाफ जाते, आणि त्या नळकांड्यांच्या आतल्या भिंतीवर कोक, म्हणजे कार्बनचा थर, साचतो. त्यातला काही कोक तंतूंच्या रूपात असतो, कारण भिंतीतले निकेल आणि लोखंडच उत्प्रेरकाचे काम करते. आमच्या पाचपाखाडीतल्या सोसायटीत राहणाऱ्या, अशा कामात उमेदीची वर्षे घालवलेल्या एका निवृत्त केमिकल इंजिनिअर काकांना मी एकदा पट्टी दाखवायला नेली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ती खिडकीपाशी नेऊन पाहिली आणि म्हणाले, “अगं, आम्ही जन्मभर जे वाफ आणि हवा सोडून जाळून काढलं, ते तू मुद्दाम उगवतेस?” मी म्हटले, “काका, तुमचं आडवंतिडवं होतं, माझं उभं आहे.” त्यावर ते बराच वेळ हसले आणि मग त्यांनी मला फार उपयोगी अशी एक गोष्ट सांगितली: कोक कमी व्हावा म्हणून क्रॅकरमध्ये गंधकाची संयुगे थोड्या प्रमाणात सोडली जातात, ती धातूच्या अंगावर बसतात आणि त्याची उत्प्रेरक वृत्ती मारतात. गंमत अशी की नॅनोट्यूबवाल्यांपैकी काही जण, ज्यांचा उत्प्रेरक वायूबरोबर तरंगत येतो, ते थायोफीनच्या रूपाने तेच गंधक अत्यल्प प्रमाणात वाढ सुधारण्यासाठी घालतात. औषध आणि विष यांत मात्रेचाच फरक असतो असे वैद्य म्हणतात, तसेच येथेही आहे.

याच तापमानाच्या टापूत, साधारण चारशे ते आठशे अंशांच्या दरम्यान, कार्बनने ओसंडणाऱ्या वायूत लोखंड-निकेलचे मिश्रधातू अक्षरशः भुकटी होऊन गळू लागतात. त्याला मेटल डस्टिंग म्हणतात. म्हणजे धातूने कार्बन अजिबात घेतला नाही तर नळ्या येत नाहीत, आणि मनसोक्त घेतला तर धातूच उरत नाही. क्रॅकरच्या नळकांड्यांना वाचवते ते क्रोमियमच्या ऑक्साइडचे पातळ कवच, आणि आम्हालाही वाचवते ते तेच.

धातूवरच्या वाढीची वाट मोकळी करणाऱ्या प्रयोगांतही क्रोमियम हाताशी होते. २००६ मध्ये अमेरिकेतील रेन्सेलर पॉलिटेक्निक येथील पुलिकल अजयन यांच्या गटाने, ज्यात सैकत तलपात्र होते, इन्कोनेल ६०० या निकेल-क्रोमियम मिश्रधातूवर थेट उभ्या नळ्या उगवल्या. अजयन मूळचे केरळचे आणि बनारस हिंदू विद्यापीठातून धातुशास्त्र शिकलेले. त्यांना धातूच्या कातडीचे महत्त्व कळले याचे मला तरी आश्चर्य वाटत नाही. त्यांनी उत्प्रेरक आधी चढवला नाही. फेरोसीन नावाचे नारिंगी रंगाचे लोहयुक्त चूर्ण झायलीनमध्ये विरघळवून त्याची वाफ भट्टीत सोडली, म्हणजे लोखंड आणि कार्बन दोन्ही एकाच वाटेने आले. फेरोसीनला कापरासारखा वास येतो आणि कापरासारखेच ते न वितळता उडून जाते. कापराचे नाव निघालेच आहे तर, पवईच्या आयआयटीत महेश्वर शेरॉन यांनी आणि नंतर जपानमध्ये मुकुल कुमार व योशिनोरी आंदो यांनी कापूर हाच कार्बनचा स्रोत धरून नॅनोट्यूब तयार केल्या. कापराच्या रेणूत दहा कार्बनबरोबर एक ऑक्सिजनही असतो, आणि तो नको असलेला भुसभुशीत कार्बन जाळायला मदत करतो. देवघरातल्या कापरावर आम्हीही दोन वेळा हात चालवून पाहिला. वाढ झाली, पण गाळ्यात आठवडाभर आरती चालू असल्यासारखा वास राहिला आणि शेजारच्या गाळ्यातून विचारणा झाली.

इन्कोनेल आमच्या खिशाला परवडत नाही. म्हणून आम्ही स्टेनलेस स्टीलकडे वळलो, ज्याला बाजारात अठरा-आठ म्हणतात, म्हणजे अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असलेले ३०४. याचे वैशिष्ट्य असे की उत्प्रेरक विकत घ्यावा लागत नाही. तो पट्टीतच असतो, फक्त त्याला जागे करावे लागते. पट्टी साबणाने आणि अ‍ॅसिटोनने धुऊन, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात थोडा वेळ बुडवून, मग चक्क हवेत आठशे अंशांच्या आसपास दहा मिनिटे भाजायची. गॅसवर रिकामे विसरलेले स्टीलचे पातेले जसे पिवळे, जांभळे, निळे होत जाते तशी पट्टीही रंग बदलते आणि शेवटी करडी पडते. तिच्यावर लोखंड आणि क्रोमियम या दोघांच्या ऑक्साइडची खरबरीत पपडी तयार झालेली असते. मग आर्गॉन या निष्क्रिय वायूने ट्यूबमधली हवा पूर्ण हाकलून हायड्रोजन सोडायचा. हा मधला आर्गॉन कधीही विसरता कामा नये; तापलेल्या ट्यूबमध्ये हवा आणि हायड्रोजन यांची गाठ पडली तर स्फोट होतो. हायड्रोजन लोखंडाच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घेतो आणि लोखंडाचे सूक्ष्म कण मोकळे करतो, पण क्रोमियमच्या ऑक्साइडचे तो या तापमानाला काहीच बिघडवू शकत नाही, कारण क्रोमियमची ऑक्सिजनवरची पकड त्याच्या आवाक्याबाहेरची असते. अशा रीतीने एकाच पपडीतून दोन गोष्टी मिळतात: वर उत्प्रेरकाचे कण, आणि त्यांच्याखाली ते कण पट्टीत जिरू न देणारा अडसर. सिलिकॉनवाले जे दोन महागडे थर लाखो रुपयांच्या निर्वात यंत्रात चढवतात, ते येथे भाजून मिळतात. थर अर्थातच तितके सुबक नसतात. सिलिकॉनवरच्या नळ्यांची उंची मिलिमीटरमध्ये असते, आमच्या नळ्या तीस-पस्तीस मायक्रॉनवर थांबतात, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीच्या निम्म्यावर. इलेक्ट्रोडसाठी तेवढे पुष्कळ आहे.

दुसऱ्या वर्षी एका व्यापाऱ्याकडून आणलेल्या पत्र्याने आम्हाला तीन आठवडे छळले. नेहमीचीच कृती, नेहमीचेच वायू, आणि पट्टीवर गजकर्णासारखे ठिपके. बिलावर ३०४ लिहिलेले होते. चुंबक लावून पाहिले तर तो चिकटला नाही, आणि त्यावर आम्ही निश्चिंत झालो, ही आमची चूक. कारण निकेल वाचवण्यासाठी मँगनीज घातलेल्या २०२ या स्टीललाही चुंबक चिकटत नाही. शेवटी ओळखीच्या कारखान्यातून पीएमआय गन, म्हणजे मिश्रधातूत काय काय आहे ते क्ष-किरणांनी सांगणारे हातातले यंत्र, मागून आणली आणि पाच सेकंदांत कळले की निकेल जेमतेम साडेचार टक्के आणि मँगनीज नऊ टक्के आहे. मँगनीजचे ऑक्साइडही हायड्रोजनला दाद देत नाही. ते पपडीत वर येऊन बसले आणि लोखंडाला त्याने ठिकठिकाणी झाकून टाकले. डब्यापातेल्यांसाठी तो पत्रा वाईट होता असे मी म्हणणार नाही. पण तेव्हापासून पत्रा गन लावल्याशिवाय आत येत नाही.

आता पावसाची गोष्ट. पहिल्या वर्षी जूनपासून नळ्यांची उंची वाढत गेली आणि दिवाळीनंतर ती पुन्हा दहा-बारा मायक्रॉनवर आली. पावसाळ्यातली भरभराट आम्ही आम्लाच्या नव्या बाटलीच्या नावावर जमा केली होती आणि हिवाळ्यातली पडझड भट्टीचे तापमान मोजणाऱ्या, जुन्या होत चाललेल्या थर्मोकपलच्या. खरे कारण सापडले ते आमच्या ऑपरेटरच्या रजिस्टरात. उशीर झाला की कारण म्हणून शेऱ्याच्या रकान्यात “पाऊस जोरात, गाड्या लेट” असे लिहायची त्यांना सवय होती. एका दुपारी मी उंचीचे आकडे आणि तो रकाना शेजारीशेजारी ठेवून पाहिले, तर पस्तीस मायक्रॉनच्या बहुतेक सगळ्या ओळींसमोर पाऊस होता. मी त्यांना ते दाखवले तेव्हा ते सावधपणे म्हणाले, “मॅडम, त्या दिवशी खरंच पाणी भरलं होतं हो.” त्यांना वाटले मी उशिराचा हिशेब काढते आहे.

सिलिंडरपासून भट्टीपर्यंतची आमची वायुवाहिनी तेव्हा पारदर्शक प्लास्टिकची होती, आणि अशा नळीतून बाष्प सावकाश पण सतत आत झिरपत राहते, ऑक्सिजनपेक्षा कितीतरी सहजपणे. किती, याचा अंदाज बांधायला साधा हिशेब पुरतो. तीस अंश तापमान आणि नव्वद टक्के आर्द्रता असलेल्या जुलैच्या हवेत दहा लाख भागांत सुमारे ३८,००० भाग पाणी असते. त्याचा शंभरावा हिस्सा जरी वायूत उतरला तरी ते होतात ३८० भाग, आणि हाता यांच्या प्रयोगात लागलेले पाणी याच मापातले, दहा लाखांत काही शेकडा भागांपर्यंतचे होते. एवढे पाणी उत्प्रेरकाच्या अंगावर साचणारा भुसभुशीत कार्बन साफ करत राहते, त्यामुळे कण गुदमरत नाही आणि नळी वाढतच जाते. पाणी कणांना एकमेकांत विलीन होऊन मोठे होण्यापासूनही काही काळ रोखते, असे नंतरच्या अभ्यासांत दिसले आहे. पाणी जास्त झाले तर मात्र लोखंडच गंजते आणि नळ्याही जळतात. आम्ही प्लास्टिकची नळी काढून स्टीलची बसवली, आणि आर्गॉनचा एक छोटा फाटा पाण्याच्या बाटलीतून फिरवून पाणी मोजून द्यायला सुरुवात केली. आता डिसेंबरातही जुलैइतकेच पीक येते. रजिस्टरातला शेऱ्याचा रकाना मात्र मी आता सक्तीचा केला आहे, आणि त्यात आर्द्रताही लिहिली जाते.

अ‍ॅसिटिलीनबद्दल एक गोष्ट येथेच सांगून टाकते. वेल्डिंगच्या सिलिंडरमध्ये हा वायू मोकळा नसतो. सच्छिद्र पदार्थात मुरवलेल्या अ‍ॅसिटोनमध्ये तो विरघळवलेला असतो, आणि सिलिंडर रिकामा होत आला की वायूबरोबर अ‍ॅसिटोन अधिक प्रमाणात येऊ लागतो. म्हणून सिलिंडर तळाला जाईपर्यंत वापरण्याची काटकसर प्रयोगात महागात पडते. शिवाय अ‍ॅसिटिलीनच्या वाटेवर तांब्याची नळी किंवा फिटिंग कधीही लावू नये, कारण तेथे तयार होणारे कॉपर अ‍ॅसिटिलाइड धक्क्यानेही फुटू शकते.

आणि तांबे हाच आमचा पुढचा, अजून न सुटलेला, धातू आहे. लिथियम बॅटरीत ऋण बाजूला तांब्याची फॉइल असते, म्हणून त्यावर नळ्या हव्या आहेत. तांब्यात कार्बन जवळजवळ विरघळत नाही. याच गुणामुळे २००९ मध्ये टेक्सासमधील रुऑफ यांच्या गटाला तांब्यावर ग्राफीनचा, म्हणजे ग्रॅफाइटचा एक अणू जाडीचा, एकेरी पापुद्रा मिळाला. नळ्यांसाठी मात्र तांबे स्वतः काही करत नाही, आणि वर निकेल बसवले तर ते तांब्यात साखर दुधात विरघळावी तसे विरघळून जाते, कारण हे दोन धातू कोणत्याही प्रमाणात एकरूप होतात. येथे मध्ये अडसर हवा, आणि तोही वीज वाहणारा. टायटॅनियम नायट्राइड त्यासाठी योग्य आहे. ड्रिलच्या टोकांवर जो सोनेरी लेप दिसतो तोच हा पदार्थ, आणि तो चढवून देणारे आमच्या वसाहतीतच आहेत. मी त्यांच्याकडून तांब्याच्या काही पट्ट्या सोनेरी करून आणल्या. लेप उत्तम होता, पण लोखंडाने त्याच्यावर मणी धरले नाहीत, ते पसरले. पुन्हा ते घासलेले ताट. त्या पट्ट्यांवर मिळाले ते विस्कटलेले, आडवे, लोकरीसारखे पीक.

अ‍ॅल्युमिनियमची तऱ्हा आणखी निराळी. ते ६६० अंशांनाच वितळते, त्यामुळे आमची नेहमीची ७५० अंशांची कृती तेथे चालत नाही. स्वयंपाकघरातली फॉइल मी एकदा ६३० वर ठेवली होती. कंट्रोलरने तापमान वर उडवले आणि होडीत चकचकीत गोळी शिल्लक राहिली. तरीही अ‍ॅल्युमिनियमवर उत्तम काम झालेले आहे. २०१४ मध्ये ब्रिटनमधील सरे नॅनोसिस्टिम्सने जाहीर केलेले व्हँटाब्लॅक, ज्याने पडलेल्या प्रकाशाचा ९९.९६५ टक्के भाग गिळला, ते उभ्या नळ्यांचेच लेपन होते. २०१९ मध्ये एमआयटीतील ब्रायन वॉर्डल आणि केहांग त्सुई यांनी ते प्रमाण ९९.९९५ टक्क्यांवर नेले, आणि तेही काळा रंग शोधत नसताना. अ‍ॅल्युमिनियमवर नळ्या उगवून त्याची विद्युत आणि उष्णतावाहकता सुधारणे हा त्यांचा हेतू होता. त्यांची अडचण होती ती अ‍ॅल्युमिनियमच्या अंगावर आपोआप येणाऱ्या ऑक्साइडची, आणि ती त्यांनी फॉइल मिठाच्या पाण्यात बुडवून सोडवली. मिठाने ऑक्साइड काढले, फॉइल हवेपासून दूर ठेवली, आणि वाढीचे तापमान सुमारे १०० अंशांनी खाली आले. मला या कामात विशेष वाटते ते असे की आम्ही स्टीलवर ऑक्साइड मुद्दाम भाजून आणतो आणि त्यांनी अ‍ॅल्युमिनियमवरचे ऑक्साइड मुद्दाम धुऊन काढले, तरी दोघांच्याही पट्ट्या काळ्या झाल्या. प्रत्येक धातूच्या कातडीचे पथ्य वेगळे.

तपासणीसाठी आम्ही पट्ट्या पवईला आयआयटीच्या सैफ या उपकरण-केंद्रात पाठवतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात नळ्या उभ्या आहेत की नाहीत ते दिसते, आणि रामन वर्णपटात (नमुन्यावरून विखुरलेल्या लेझर प्रकाशाच्या आलेखात) १३५० आणि १५८० प्रति सेंटिमीटरच्या आसपास येणाऱ्या दोन शिखरांची उंची ताडून पाहिली की नळ्यांच्या भिंती किती सदोष आहेत याचा अंदाज येतो. पण खरी परीक्षा गाळ्यातच होते, आणि ती सेलोटेपने. टेप दाबून ओढली आणि नळ्या मुळासकट निघाल्या तर ती पट्टी फक्त फोटोपुरती. स्टीलवरच्या नळ्या, बहुधा त्याच्याच पोटातल्या लोखंडातून उगवल्यामुळे, चांगल्या रुजतात. टेपवर वरचा गुंता येतो, मुळे जागेवर राहतात. ही परीक्षा मास्क आणि हातमोजे घालून, बंद कपाटात करावी. नळ्या हवेत उडाल्या तर फुप्फुसात जातात, आणि त्यांच्यातल्या एका ताठ प्रकाराला कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१४ मध्ये संभाव्य कर्ककारकांच्या यादीत टाकले आहे. पट्टीवर रुजलेल्या नळ्या मोकळ्या पुडीपेक्षा बऱ्या, पण म्हणून त्यांच्यावर फुंकर मारून पाहण्याचे कारण नाही.

शनिवारची पट्टी टेपच्या परीक्षेत उतरली. पेन्सिलीभोवती वाकवली तरी काही गळले नाही. फक्त चारही कडांना साधारण एक मिलिमीटर रुंदीची चकचकीत किनार राहिली आहे, साडीच्या काठासारखी. आधी मला वाटले तेथे वायू नीट पोहोचत नसावा. भिंगातून पाहिल्यावर लक्षात आले की या वेळी घाईत मोठा पत्रा आधी भाजून घेतला होता आणि पट्टी त्यानंतर कात्रीने कापली होती. कापताना कडेची पपडी तडकून उडाली आणि आतले उघडे पोलाद भट्टीत गेले. पुढच्या खेपेपासून आधी कापायचे आणि मग भाजायचे, असे रजिस्टरात लाल शाईने लिहून ठेवले आहे.